वाईन सरबतासारखी का लागते?

वर्धा जिल्ह्यातल्या एका शिक्षक शिबिरात किण्वनावर बोलणे चालले होते. ताक, इडलीचे पीठ, पाव अशी नेहमीची उदाहरणे झाली. मग एका शिक्षिकेने विचारले, "वाईन म्हणजे दारूच का? मुलं विचारतात. काय सांगू?"

प्रश्न उगीच आलेला नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य बरेच ऐकू आले होते. वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा. तरीही काही घरांत दारू पोचतेच आणि तिचे परिणाम मुले रोज पाहतात. त्यांना 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर देऊन भागणार नाही. म्हणून आम्ही मुद्दाम अशी वाईन निवडली, की जी फळाच्या रसाला अगदी जवळची वाटते. तिचे नाव डॉर्नफेल्डर.

जर्मनी हा थंड देश. तिथल्या द्राक्षांपासून पांढरी वाईन चांगली होई, पण लाल वाईन बहुधा फिकट पडे. १९५५ मध्ये वाइन्सबर्ग येथील द्राक्षसंशोधन संस्थेत आउगुस्ट हेरोल्ड यांनी हेल्फेनश्टायनर आणि हेरोल्डरेबे या दोन जातींचा संकर केला. त्यातून गडद रंगाची जात मिळाली. सुरुवातीला तिचे काम इतर वाईनना रंग देण्याचे होते. पुढे तिची स्वतंत्र वाईन लोकांना आवडू लागली. आज जर्मनीतल्या लाल वाईनच्या द्राक्षांमध्ये लागवडीच्या बाबतीत तिचा दुसरा क्रमांक लागतो. ही वाईन गडद जांभळी असते, तिला चेरी आणि ब्लॅकबेरीसारखा वास येतो आणि पुष्कळदा ती गोडसर असते. रंग, वास आणि गोडी या तिन्ही गोष्टींमुळे ती सरबतासारखी वाटते. या तिन्ही येतात कुठून ते पाहू.

रंग

काळे द्राक्ष सोलून पहा. आतला गर हिरवट-पांढरा दिसेल. रंग असतो तो सालीत, अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांमध्ये. काळ्या द्राक्षांचा रस लगेच गाळून घेतला तर तो फिकटच निघतो. लाल वाईनसाठी रस सालीसकट काही दिवस आंबवतात, म्हणजे रंग हळूहळू रसात उतरतो. जर्मनीत दुसरी एक रीतही वापरतात. ठेचलेली द्राक्षे आधीच तापवतात. उष्णतेने सालीच्या पेशी फुटतात आणि रंग झटपट सुटतो. तुरटपणा देणारी टॅनिन द्रव्ये मात्र त्या मानाने कमी उतरतात. म्हणून अशी वाईन गडद असूनही जिभेला मऊ लागते.

वास

चेरीसारखा वास येतो म्हणून तिच्यात चेरी घातलेली असते असे नाही. वासाचा काही भाग द्राक्षाचा, पण बराचसा यीस्टचा असतो. साखर खाताना यीस्ट अल्कोहोलबरोबर एस्टर नावाची सुवासिक संयुगेही थोड्या प्रमाणात बनवते. त्यांतले आयसोअमाइल अॅसिटेट पिकलेल्या केळ्यातही असते. म्हणजे 'फळाचा' वाटणारा हा वास बऱ्याच अंशी आंबण्याचीच खूण आहे.

गोडी

यीस्ट साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवते. हिशेब सरळ आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू. व्यवहारात लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की आकारमानाने १ टक्का अल्कोहोल तयार होते. समजा, एका लिटर रसात २०० ग्रॅम साखर आहे. ती सगळी आंबली तर वाईन कोरडी, म्हणजे गोडी नसलेली होईल. पण ३० ग्रॅम शिल्लक असताना रस थंड करून यीस्ट गाळून टाकले तर? वाईन गोड लागेल, आणि तरीही उरलेल्या १७० ग्रॅमचे सुमारे १० टक्के अल्कोहोल तिच्यात असेल. गोडी अल्कोहोलला झाकते, कमी करत नाही.

जर्मनीत आणखी एक युक्ती आहे. थोडा रस न आंबवता, यीस्टपासून सांभाळून बाजूला ठेवतात आणि तयार वाईनमध्ये शेवटी मिसळतात. म्हणजे वाईन करणाऱ्यालासुद्धा थोडा रस 'रस' म्हणूनच टिकवावा लागतो!

मगनवाडीचा चुना

नेमका हाच प्रश्न वर्ध्यात वेगळ्या हेतूने सोडवला गेला होता. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत होते. संघाच्या कामांत ताडगुळाचा उद्योगही होता, आणि गजानन नाईक यांनी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, त्याचे प्रयोग केले. शिंदीच्या झाडाला खाच पाडून रात्री मडके लावले की पहाटेपर्यंत गोड नीरा जमते. पण हवेतले आणि मडक्यातले यीस्ट वाट पाहत नाही. ऊन चढले की नीरेची ताडी होते. उपाय साधा आहे. मडक्याला आतून चुना लावायचा. रस अल्कधर्मी होतो, यीस्ट आणि जिवाणूंची वाढ मंदावते, आणि नीरा पिण्याजोगी किंवा आटवून गूळ करण्याजोगी राहते.

वर्गात करून पहा

दोन बाटल्यांत गुळाचे कोमट पाणी आणि बेकरीचे यीस्ट घ्या. एकीत थोडा चुना कालवा (तो शिक्षकांनीच हाताळावा, डोळ्यांत जाऊ देऊ नये). दोन्हींच्या तोंडाला फुगे लावा. काही तासांत पहिला फुगा फुगेल, दुसरा नाही. पण थांबा! चुना कार्बन डायऑक्साइड शोषूनही घेतो. मग दुसऱ्या बाटलीत वायू तयारच झाला नाही, की तयार होऊन शोषला गेला? हे कसे ठरवायचे ते मुलांनाच विचारा. फेस पाहणे, दुसऱ्या दिवशी वासात फरक आहे का ते पाहणे, असे मार्ग ती सुचवतील. चव कोणीही घेऊ नये. शेवटी दोन्ही ओतून टाका.

आता त्या शिक्षिकेचा प्रश्न. रंग, वास आणि गोडी यांवरून रस कोणता आणि दारू कोणती हे ठरत नाही. यीस्टने साखरेवर काम केले की नाही, यावरून ते ठरते. १० टक्क्यांच्या वाईनच्या १५० मिलिलिटर पेल्यात सुमारे १२ ग्रॅम अल्कोहोल असते. ते मोहाच्या दारूतल्या अल्कोहोलहून वेगळे नाही, रेणू तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये मद्यांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या गटात घातले, तेव्हा वाईनला वगळले नव्हते.

'मग मुलांना हे सगळं सांगायचं?' असे शिबिरात पुन्हा विचारले गेले. आम्हाला वाटते, सांगावे. ज्याच्या घरी बाटली येते, त्या मुलाला तिच्यात काय आहे हे कळायला हवे, आणि ते वर्गातच कळलेले बरे.