पाळकाला कोण सांभाळणार?

सातपूर एमआयडीसीतून त्र्यंबक रस्त्याने नाशिक शहराकडे आलं की शरणपूर जवळच. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी ही वसाहत वसवली. इथे अनाथ मुलांना शास्त्राबरोबर हातचा धंदाही शिकवत. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथेच वाढली. विल्यम जोन्स त्यांपैकीच एक. पूर्व आफ्रिकेत परतल्यावर १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी त्यांना दीक्षा दिली आणि त्याच वर्षी बिशपांची हत्या झाली. बिशपांच्या मोहिमेतल्या, मागे उरलेल्या हमालांचा तांडा जोन्स यांनीच किनाऱ्याकडे परत नेला. पाळकपणाची सुरुवातच अशी! त्या वाटेवर त्यांना धीर कोणी दिला असेल?

असल्या प्रश्नाचं उत्तर मिशनच्या अहवालांत क्वचितच सापडतं. ते सापडतं ‘स्मृतिचित्रे’ या लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रात. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. बाई पाच वर्षांनी त्याच वाटेने आल्या. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, दारी येईल त्याला घर मोकळं. निस्तरायचं मात्र बाईंनी. १९१७ मध्ये टिळकांनी मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला आणि १९१९ मध्ये ते गेले. ते वैराग्य थोरच, पण त्याची किंमत घराने मोजली. आपल्या मंडळ्यांनी टिळकांची भजनं उचलली. बाईंचं हे गाऱ्हाणं तेवढं कानाआड केलं.

पुढे १९२९ मध्ये नाशिकचा धर्मप्रांत झाला, १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. पगार, बदल्या, निवृत्ती यांना रीत लागली. सातपुरात कारखाने आले आणि उपासनेचं वेळापत्रक पाळ्यांच्या तालावर नाचू लागलं. रविवारी सकाळच्या पाळीला गेलेला माणूस प्रार्थनेला संध्याकाळीच भेटणार. रात्रपाळीवाल्याची गृहभेट भरदुपारी. भाड्याच्या खोलीत स्वतंत्र मंडळी जमवणारा तरुण पाळक तर कधी स्वतःच पाळी करून येतो. त्याला धर्मप्रांताचा आधार नाही आणि मन मोकळं करायला वडीलधारा पाळकही नाही.

निर्गमच्या अठराव्या अध्यायात इथ्रो जावयाला बजावतो की एकट्याने सगळा भार वाहिलास तर मोडशील, माणसं नेम. मोशेने ते ऐकलं. आपल्याकडे या अध्यायावर प्रवचनं होतात, पण दानपेटीची किल्ली, दवाखान्याची धावपळ आणि भाऊबंदकीचा निवाडा पाळकसाहेबांकडेच राहतो. पंच कमिटीने पैशांचा व्यवहार दोन सह्यांवर आणला तरी निम्मा ताण आणि सगळा संशय जाईल. शेजारच्या मंडळीच्या पाळकाने महिन्यातून एकदा येऊन आपल्या पाळकासाठी प्रार्थना करावी, त्याच्याकडून करून घेऊ नये. आणि आठवड्याच्या सुट्टीचं काय? वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर रंगकाम येतं, स्पीकर येतो. पाळकाची रजा कधी आली आहे?