आश्रयार्थींचे हक्क आणि संकटकाळ

२०१५ साली समुद्रमार्गे दहा लाखांहून अधिक माणसे युरोपच्या किनाऱ्याला लागली. त्यांतली बहुसंख्य सीरिया, अफगाणिस्तान आणि इराक या युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या मुलुखांतली होती. तेव्हापासून आश्रयार्थींविषयीचे काही गैरसमज इतके दृढमूल झाले आहेत की, एरवी विचारी असणारी माणसेही ते निःशंकपणे बोलून दाखवतात.

परवान्यावाचून सरहद्द ओलांडणारा तो गुन्हेगारच, हा त्यांतला पहिला. वस्तुतः जिवाच्या भयाने थेट पळून आलेला जो मनुष्य विनाविलंब अंमलदारांपुढे हजर होतो आणि आपल्या येण्याचे सबळ कारण सांगतो, त्याला केवळ बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करण्यास १९५१ च्या निर्वासितविषयक कराराच्या ३१ व्या कलमाने मनाई केली आहे. कारण ज्याचे सरकारच त्याच्या जिवावर उठले, त्याने त्याच सरकारच्या कचेरीत पारपत्रासाठी अर्ज घेऊन उभे राहावे, ही अपेक्षा क्रूर आहे. सारा भार युरोपच वाहतो, हेही खरे नव्हे. २०१५ च्या अखेरीस एकट्या तुर्कस्तानात सुमारे २५ लाख, आणि चिमुकल्या लेबनॉनमध्ये दहा लाखांवर सीरियन निर्वासित होते.

परंतु सर्वांत घातक समज हा की, लोंढा मोठा असला म्हणजे मूलभूत हक्क तहकूब ठेवता येतात. ६ मे २००९ रोजी लाम्पेदुसा बेटाच्या दक्षिणेस ३५ सागरी मैलांवर इटलीच्या सरकारी जहाजांनी तीन होड्यांतील सुमारे २०० माणसांना वर घेतले, आणि कोणाची नावनिशी न विचारता, कोठे नेत आहोत हेही न सांगता, सुमारे दहा तासांच्या प्रवासानंतर त्यांना त्रिपोलीच्या बंदरात, त्यांच्या विरोधाला न जुमानता, लिबियाच्या हवाली केले. त्यांतील सोमालिया व इरिट्रियाच्या २४ जणांनी दाद मागितली असता, युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २३ फेब्रुवारी २०१२ रोजी एकमताने इटलीला दोषी ठरवले. छळ आणि अमानुष वागणूक यांविरुद्धचे संरक्षण निरपवाद आहे, युद्धात वा आणीबाणीतही ते स्थगित होत नाही, आणि स्थलांतराचा ताण कितीही असह्य झाला तरी त्या कर्तव्यातून राज्याची सुटका नाही, हे त्या निवाड्याचे सार होय.

याचा अर्थ येईल त्या प्रत्येकाला कायमचे ठेवून घ्यावे असा नाही. प्रत्येकाच्या अर्जाची स्वतंत्र चौकशी झाल्यावर आणि अपिलाची संधी मिळाल्यावर, अर्ज नामंजूर ठरल्यास, परत पाठवण्याचा अधिकार राज्याला आहे. त्या चौकशीआधी तो नाही.