अंड्यावरची बुरशी आणि निकामी होणारी औषधे

पावसाळ्यातली एखादी दुपार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात तीस अंड्यांचा ट्रे उघडला जातो. ओलसर पुठ्ठ्याला टेकलेल्या दोन अंड्यांवर काळपट-हिरवे ठिपके दिसतात. जवळ उभा असलेला विद्यार्थी विचारतो, “सर, उकडल्यावर मरते न बुरशी? मंग खाल्लं तर काय होते?”

प्रश्न अगदी योग्य आहे. पण त्याची उत्तरे तीन आहेत. बुरशी उकळत्या पाण्यात मरते, हे पहिले. काही बुरशींनी तयार केलेले विष मात्र उकळूनही जात नाही, हे दुसरे. तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे आणि त्याचा संबंध अंड्यापेक्षा कोंबड्यांच्या शेडमधल्या धुळीशी व शेजारच्या शेताशी आहे. या तिन्ही उत्तरांचा क्रमाने विचार करू.

कवच म्हणजे चाळणी

अंड्याचे कवच आपल्याला भिंतीसारखे वाटते. प्रत्यक्षात ते चाळणीसारखे असते. कोंबडीच्या एका अंड्याच्या कवचावर साधारणपणे सात ते सतरा हजार सूक्ष्म छिद्रे असतात. आतल्या पिलाला प्राणवायू मिळावा आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जावा, यासाठी ती आवश्यक असतात. अंडे बाहेर येताना या छिद्रांवर एक पातळ ओलसर थर असतो. तो लगेच वाळतो आणि छिद्रांची तोंडे झाकतो.

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. अंडे बाहेर येऊन थंड होऊ लागले की आतला द्रव आकुंचन पावतो. त्यामुळे बोथट टोकाकडून हवा आत खेचली जाते व तिथे हवेची पोकळी तयार होते. कवच कोरडे व स्वच्छ असेल तर केवळ हवाच आत जाते. ते विष्ठेने किंवा पाण्याने ओले असेल तर पाण्याबरोबर जिवाणू आणि बुरशीचे बीजाणूही आत ओढले जातात. घाणेरडे अंडे थंड पाण्याने धुऊन साठवणे म्हणूनच चुकीचे ठरते. धुण्याने वरचा थर निघतो आणि छिद्रे उघडी पडतात.

आत शिरलेल्या सूक्ष्मजीवांसाठी आणखी अडथळे असतात. कवचाखाली दोन पडदे असतात. पांढऱ्या बलकातले एक प्रथिन लोह घट्ट धरून ठेवते, त्यामुळे सूक्ष्मजीवांना लोह मिळत नाही. शिळे होताना हा बलक बराच अल्कधर्मी होतो. तरीही हवा दमट असेल आणि साठवण लांबली तर बुरशीचे तंतू छिद्रांतून आत वाढतात. वर दिसणारा ठिपका हे अनेकदा आतल्या वाढीचे टोक असते.

उबवणी केंद्रातला धोका

खाण्याच्या अंड्यातली बुरशी आपण फेकून देऊ शकतो. उबवण्याच्या अंड्यात मात्र तिचे परिणाम पुढे चालू राहतात. उबवणी यंत्रात सुमारे ३७.५ अंश तापमान आणि भरपूर दमटपणा २१ दिवस राखावा लागतो. ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीला हे वातावरण मानवते, कारण ती ५० अंशांच्या वरही वाढू शकते. दूषित अंड्याच्या हवेच्या पोकळीत तिची हिरवट साय धरते. असे एखादे अंडे यंत्रात फुटले की असंख्य बीजाणू हवेत पसरतात. एका बीजाणूचा व्यास जेमतेम दोन ते तीन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा तीनशे ते पाचशेवा भाग असतो. तो नुकत्याच जन्मलेल्या पिलाच्या फुफ्फुसात व वायुकोशांत सहज पोहोचतो. पिले चोच उघडून धापा टाकतात आणि काही दिवसांत दगावतात.

हा पक्ष्यांचा जुना आजार आहे. जर्मनीत फ्रेसेनियस यांनी १८६३ मध्ये या बुरशीचे वर्णन केले, ते माळढोकाच्या कुळातल्या एका पक्ष्याच्या फुफ्फुसातून मिळालेल्या नमुन्यावरून.

खाद्यातले विष

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. शोध घेतल्यावर दोष ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत सापडला. तिच्यावर वाढलेल्या ॲस्परजिलस फ्लेवस या बुरशीने विष तयार केले होते. त्याला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. आपल्या देशात १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागात पावसाने भिजलेला मका खाल्ल्याने यकृताच्या आजाराची साथ आली. तिच्यात शंभराहून अधिक माणसे दगावली.

कोंबडीचे खाद्य मका, सोयाबीन पेंड, तांदळाची कणी, शिंपल्याचा चुरा अशा पदार्थांचे असते. परतीच्या पावसात धान्य भिजले आणि पुरेसे न वाळवता पोत्यांत भरले, तर हे विष तयार होऊ शकते. त्याने कोंबडीचे यकृत बिघडते आणि अंडी कमी होतात. खाद्यातल्या विषाचा अगदी लहान अंशच अंड्यात उतरतो. तरी तो उकळल्याने नाहीसा होत नाही, कारण अफ्लाटॉक्सिन स्वयंपाकाच्या तापमानाला टिकून राहते. त्याला खरा अटकाव धान्य वाळवण्याच्या वेळीच करता येतो.

औषध काम कसे करते?

तिसऱ्या उत्तरासाठी बुरशीची पेशी पाहावी लागेल. आपल्या पेशींच्या पटलात कोलेस्टेरॉल असते. बुरशीच्या पटलात त्याच्या जागी अर्गोस्टेरॉल असते. या फरकामुळेच माणसाला फारशी इजा न करता बुरशी मारता येते. पॉलिईन कुळातली औषधे अर्गोस्टेरॉललाच पकडून पटल बिघडवतात. या कुळातले हॅमायसिन हे औषध पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्यात तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास शोधले. ज्या जिवाणूपासून ते मिळाले, त्याचे नावच गावावरून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे ठेवले गेले. याच कारखान्याने याच कुळातले ऑरिओफंगिन पिकांसाठी दिले. दवाखान्यात आणि शेतात एकाच कुळातली रसायने वापरणे, ही गोष्ट आपल्याकडे अशी जुनीच आहे.

दुसरे कूळ अझोलचे. अर्गोस्टेरॉल तयार करणाऱ्या एका विकराच्या खाचेत अझोलचा रेणू जाऊन बसतो आणि काम थांबवतो. फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल व व्होरिकोनॅझोल ही माणसांची औषधे या कुळातली. टेब्युकोनॅझोल, हेक्साकोनॅझोल व प्रोपिकोनॅझोल ही पिकांवर फवारायची कवकनाशकेही याच कुळातली. परदेशातील अनेक उबवणी केंद्रांत धुरीसाठी वापरले जाणारे एनिलकोनॅझोलही त्यातलेच. नावे वेगळी असली तरी घाव एकाच विकरावर बसतो.

शेतातून उकिरड्याकडे

शेतकरी सोयाबीनवर टेब्युकोनॅझोल फवारतो, ते पानावरच्या व शेंगेवरच्या रोगांसाठी. ॲस्परजिलस फ्युमिगेटस हा पिकाचा रोग नाही. ती कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर, कुटारावर, उकिरड्यात राहते. फवारा तिच्यासाठी नसतोच. तरी त्याचा अंश तिच्यापर्यंत पोहोचतो.

मग काय होते, ते एका काल्पनिक हिशोबाने पाहू. एका ढिगात १००० बीजाणू आहेत आणि त्यांतला एकच योगायोगाने औषधाला न जुमानणारा आहे. औषधाने साध्या बीजाणूंपैकी नव्वद टक्के मेले. साधे सुमारे १०० उरले, रोधक १. दोघांची वाढ दहापट झाली. आता साधे १०००, रोधक १०. दुसऱ्या फवारणीनंतरच्या वाढीत साधे १०००, रोधक १००. तिसऱ्या फवारणीनंतर दोघेही १०००. चौथ्या फवारणीनंतर रोधक साध्यांच्या दहापट! औषधाने रोधकता निर्माण केली नाही. तिने फक्त वाट मोकळी मिळवली. डार्विनची नैसर्गिक निवड शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे.

प्रत्यक्षात असेच घडले. नेदरलँडमधल्या एका रुग्णाकडून १९९८ मध्ये घेतलेल्या बुरशीत एक दुहेरी बदल आढळला. विकराच्या जनुकाआधीचा ३४ अक्षरांचा तुकडा दोनदा आला होता, त्यामुळे विकर जास्त तयार होत होते. शिवाय विकरातले ९८ वे अमिनो आम्ल बदलल्याने अझोल खाचेत नीट बसत नव्हते. पुढे त्याच देशात कुजत्या फुलकंदांच्या व पालापाचोळ्याच्या ढिगांत अशी बुरशी मोठ्या प्रमाणात मिळाली. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २०१२ मध्ये भारतातल्या शेतांच्या व कुंड्यांच्या मातीतही हाच बदल दाखवला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सर्वांत चिंताजनक बुरशींच्या गटात ॲस्परजिलस फ्युमिगेटसचा समावेश केला.

आता कोंबड्यांची शेड पाहा. तिथले तूस किंवा भुसा, विष्ठा, पिसे आणि सांडलेले खाद्य यांचा ढीग कुजताना चांगलाच तापतो. इतर बुरशी त्यात मरतात, ही टिकते. तूस-भुशावर किंवा खाद्यावर अझोलचा अंश असेल, तर निवडीची सगळी तयारी झालीच. ढीग फावड्याने हलवला की धूळ उडते. ती कोंबड्यांच्या आणि माणसांच्याही श्वासात जाते.

धडधाकट माणसाचे शरीर हे बीजाणू रोज नष्ट करते. धोका असतो तो दम्याच्या, कर्करोगाच्या रुग्णांना आणि क्षयरोग बरा झालेल्यांना. क्षयाने फुफ्फुसात पोकळी राहिली असेल, तर त्यात ही बुरशी गोळा करून वाढते. तिच्यावर इट्राकोनॅझोल महिनोन्‌महिने द्यावे लागते. बुरशी शेतातूनच रोधक होऊन आली असेल, तर एकही गोळी न घेतलेल्या रुग्णावरदेखील पहिलीच गोळी निकामी ठरते. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचा आजार पसरला. ती बुरशी वेगळ्या गटातली होती. पण अँफोटेरिसिनच्या एका कुपीसाठी नातेवाइकांची झालेली धावपळ आठवली, म्हणजे बुरशीवरची औषधे किती मोजकी आहेत हे कळते.

यवतमाळने २०१७ मध्ये कीटकनाशक फवारणीतून झालेली विषबाधा पाहिली आहे. तेव्हाचे मृत्यू डोळ्यांसमोर घडले, म्हणून चर्चा झाली. रोधकतेची हानी वर्षांनी, दूरच्या दवाखान्यात दिसते आणि तिचा फवाऱ्याशी संबंध कुणाला दिसत नाही. तो दाखवून देणे शिक्षकाला जमण्यासारखे आहे.

काय करता येईल?

तूस-भुसा कोरडा ठेवावा, ओला भाग लगेच काढावा. खताचा ढीग शेडपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला असावा. तो हलवण्यापूर्वी पाणी शिंपडावे, नाकातोंडावर मास्क बांधावा. क्षय किंवा दमा असलेल्याला हे काम देऊ नये. औषध लावलेले उरलेले बियाणे खाद्यात कधीही मिसळू नये. पिकावर रोग नसताना ‘असू द्या’ म्हणून कवकनाशक फवारू नये आणि एकाच कुळातले औषध पुन्हा पुन्हा वापरू नये. अंडी न धुता कोरड्या, थंड जागी ठेवावीत. उकडण्याच्या आधी तेवढी धुवावीत.

वर्गात करून पाहा

१. ताजे अंडे कोमट-गरम पाण्यात बुडवा. कवचावर, विशेषतः बोथट टोकाशी, बारीक बुडबुडे दिसतील. ते कुठून आले?

२. रिकाम्या कवचाचा अर्धा भाग धुऊन वाळवा. आतल्या पापुद्र्याचा थोडा भाग सोलून तिथे निळी शाई लावा. काही वेळाने बाहेरून दिसणारे ठिपके एका चौरस सेंटिमीटरमध्ये मोजा.

३. वरचा फवारणीचा हिशोब ज्वारी व तुरीचे दाणे घेऊन करा. मधल्या दोन फेऱ्या फवारणी न करता, रोधक दाणे साध्यांपेक्षा हळू वाढतात असे धरून पाहा. काय फरक पडतो?

बुरशी मुद्दाम वाढवण्याचा प्रयोग मात्र वर्गात करू नका. बुरशी आलेली भाकरी दाखवायची असेल तर ती बंद बाटलीतच ठेवा आणि न उघडता फेका.

आणि त्या विद्यार्थ्याला काय सांगायचे? “ठिपक्यांचं अंडं फेकून दे. चांगलं अंडं नीट उकडून बिनधास्त खा. अंड्यापासून भीती थोडी आहे. जपायचं ते ढिगावरच्या धुळीला आणि गरज नसताना मारलेल्या फवाऱ्याला.”