लहान मिलिंग मशीनला वेगवान स्पिंडल : आधी हिशेब, मग खरेदी

कापडावर हाताने छपाई करणाऱ्याला सागवानी ठसा लागतो. तयार कपड्यांच्या कारखानदाराला चामड्याच्या लेबलावर नाव उठविण्यासाठी पितळी डाय लागते. ठसा किंवा डाय वेळेवर मिळाली नाही तर पुढचा सगळा माल अडून राहतो, हे आम्हा कापड व्यापाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. आता अनेक लहान वर्कशॉपमध्ये टेबलावर मावेल अशी सीएनसी मिलिंग मशीन आलेली आहे. हे काम तिच्यावर करता येते. पण नक्षी बारीक असली की कटर तुटतात आणि एका डायला अख्खा दिवस जातो. मग कोणीतरी सल्ला देतो की वेगवान स्पिंडल बसवा. सल्ला चुकीचा नाही. मात्र हे स्पिंडल कोणत्या कामाचे आणि कोणत्या कामाचे नाही, हे समजून घेतल्याशिवाय पैसे गुंतविणे बरे नव्हे.

वेग कशासाठी हवा?

लहान मशीनचे मूळ स्पिंडल बहुधा मिनिटाला अडीच हजार ते पाच हजार फेरे घेते. आपण ३,००० धरू. १० मि.मी. जाडीच्या कटरचा घेर ३१.४ मि.मी. असतो, म्हणजे त्याची धार मिनिटाला सुमारे ९४ मीटर चालते. पितळेसाठी हा वेग चांगला आहे. त्याच मशीनवर १ मि.मी.चा कटर लावला तर घेर फक्त ३.१४ मि.मी. भरतो आणि धार मिनिटाला ९.४ मीटरच चालते. तेच कटर २४,००० फेऱ्यांनी फिरविले तर धारेचा वेग ७५ मीटरवर जातो. मशीन तीच, कटर तोच. फरक फक्त फेऱ्यांचा.

आता वेळेचा हिशेब पाहू. दोन दातांच्या बारीक कटरने दर दाताला ०.०१ मि.मी. एवढाच कीस काढावा असे धरा. ३,००० फेऱ्यांना टेबल मिनिटाला ६० मि.मी. सरकवता येईल, २४,००० फेऱ्यांना ४८० मि.मी. एका डायवर कटरला एकूण २४ मीटर वाट चालायची असेल तर पहिल्या हिशेबाने ४०० मिनिटे लागतात, दुसऱ्याने ५०. प्रत्यक्षात कोपऱ्या-कोपऱ्यावर मशीन मंदावते, म्हणून ५० मिनिटांत काम उरकणार नाही. तरीही दिवसाचे काम काही तासांवर येते. शिवाय वेळ वाचविण्यासाठी मंद फेऱ्यांवर टेबल जोरात पळविण्याचा मोह होतो आणि त्यातच कटर तुटतो. तो धोकाही कमी होतो.

जुने स्पिंडल काढू नका

वेग वाढला की पिळाची ताकद घटते. ८०० वॅटची शक्ती ३,००० फेऱ्यांना मिळाली तर पीळ सुमारे अडीच न्यूटन-मीटर येतो. तीच शक्ती २४,००० फेऱ्यांना घेतली तर पीळ आठवा हिस्सा उरतो. फेरे कमी केले म्हणून या स्पिंडलचा पीळ वाढत नाही. म्हणून लोखंडात मोठा कटर चालविणे, मोठे भोक पाडणे, टॅप मारणे ही कामे जुन्या स्पिंडलचीच. नवे स्पिंडल त्याच्या शेजारी पट्टी किंवा क्लॅम्पने बसवावे. दोन स्पिंडलमधील अंतर एकदा नीट मोजून मशीनमध्ये जी ५४ आणि जी ५५ अशा दोन वेगळ्या शून्यांत भरून ठेवावे. बाजूला बसविल्याने टेबलाची काही चाल वाया जाते, ती आधी मोजा. बारीक काम करताना जुन्या स्पिंडलमधील कटर काढून ठेवा, नाही तर तो जॉबवर किंवा शिकंज्यावर आदळेल. उभ्या सरकीवर वजन वाढते, तेव्हा मोटर ते पेलते की नाही हेही पाहा.

कोणते घ्यावे?

लाकूड किंवा अॅक्रिलिकचे अधूनमधून काम असेल तर सुतारकामातील लहान राउटर चालतो. तो स्वस्त असतो, पण आवाज फार करतो आणि त्याचे कार्बन ब्रश झिजतात. रोजच्या पितळी कामाला ड्राइव्हवर चालणारे तीन फेजचे स्पिंडल बरे. ८०० वॅटचे स्पिंडल बहुधा ६५ मि.मी. व्यासाचे असते आणि त्यात ई.आर. ११ कोलेट येते. ते ७ मि.मी.पर्यंतची दांडी धरते, बारीक कामाला तेवढे पुरे.

खरेदी करताना फेऱ्यांच्या आकड्याआधी स्पिंडल डुगते का ते पाहा. कोलेटमध्ये सरळ पिन धरून डायल लावा आणि हाताने फिरवा. दाताला ०.०१ मि.मी. कीस काढायचा आणि पिन ०.०२ डुगते, तर सगळे काम एकाच दातावर पडेल आणि कटर लवकर मोडेल. कोलेट आधी नटमध्ये खट् आवाज होईपर्यंत बसवावी, नंतर कटर घालून नट आवळावा. कोलेट नुसती स्पिंडलमध्ये टाकून वरून नट आवळणे ही पद्धत चुकीची आहे.

स्पिंडल बसविल्यावर त्याला दांडीवर डायल लावून टेबलावर पूर्ण फेरी मारा. १०० मि.मी.च्या वर्तुळात फरक ०.०२ मि.मी.च्या आत आणावा. त्यासाठी क्लॅम्पखाली पातळ पत्री घालावी.

वायरिंगमधील धोके

हे स्पिंडल थेट लाइनवर कधीही जोडू नये. ड्राइव्ह घरगुती २३० व्होल्टचे एक फेज घेऊन तीन फेज बनवतो आणि फ्रीक्वेन्सी वाढवतो. दोन पोलच्या मोटरला ५० हर्ट्झवर ३,००० आणि ४०० हर्ट्झवर २४,००० फेरे मिळतात. अनेक ड्राइव्हमध्ये मूळ फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झची भरलेली असते. ती बदलून ४०० केली नाही तर कमी फेऱ्यांवरच मोटरला पूर्ण व्होल्टेज मिळते आणि वाइंडिंग जळते. व्होल्टेज व अँपिअर स्पिंडलवरच्या पट्टीप्रमाणे भरावेत. स्पिंडलच्या बॉडीला अर्थिंग खरोखर जोडलेले आहे ना, हे मीटर लावून तपासावे. अनेकदा प्लगमधली ती पिन रिकामी असते. ड्राइव्ह बंद केल्यावरही आत काही मिनिटे करंट साठून राहतो, लगेच हात घालू नये. स्पिंडलची केबल जाळीदार आवरणाची घ्यावी, नाही तर मशीनचे लिमिट स्विच कारण नसताना चालतात.

पाण्याने थंड होणारे स्पिंडल शांत चालते, पण पंप बंद पडला तर काही वेळात तापून खराब होते. म्हणून पाणी परत येते आहे हे पाहूनच सुरुवात करावी. पंख्याने थंड होणारे स्पिंडल फार कमी फेऱ्यांवर चालवू नये, कारण पंखाही त्याच दांड्यावर असतो. सकाळी पहिली दहा मिनिटे रिकामे आणि हळूहळू वेग वाढवत चालवावे, म्हणजे बेअरिंग टिकतात. डोळ्यांवर चष्मा हवाच. पितळेचा कीस सुईसारखा उडतो. लाकडाची भुकटी मशीनच्या सरकींवरचे तेल शोषून घेते, म्हणून लाकूडकाम झाल्यावर साफ करून पुन्हा तेल द्यावे. ती भुकटी छातीलाही वाईट, तेव्हा मास्क व व्हॅक्यूम वापरावा.

हाताचे काम संपते का?

गुजरातेत गांधीनगरजवळील पेथापूर येथे सागवानी ठसे हाताने कोरण्याचे काम पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. हा हुनर मशीन हिरावून घेईल अशी भीती काहींना वाटते. पण कटर गोल असतो. १ मि.मी.च्या कटरने आतला कोपरा कोरला तर तिथे ०.५ मि.मी.ची गोलाई राहतेच. टोकदार पान, कैरीचे टोक यांना शेवटी हाताची छिन्नी लागते. मशीनने जमीन खोल काढावी आणि कारागिराने टोके साफ करावीत, अशी वाटणी केली तर दोघांचा फायदा आहे.

म्हणून खरेदीपूर्वी मागच्या तीन महिन्यांची कामे वहीत लिहून काढा. त्यांत ३ मि.मी.पेक्षा बारीक कटरची कामे किती होती, त्यात किती तास आणि किती कटर गेले, हे पाहा. ते तास बरेच असतील तर स्पिंडल, ड्राइव्ह, कोलेट आणि केबल यांचा एकत्र भाव मागवा. ते थोडेच असतील तर ही रक्कम चांगल्या कटरमध्ये व शिकंज्यात घालावी.