चाव्यांच्या फळीवरची इमारत

शिक्षण संस्थेची इमारत कागदावर एकदाच बांधली जात नाही. महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशात ती एक असते, दरवर्षी वेगवेगळ्या पोर्टलवर भरल्या जाणाऱ्या माहितीत दुसरी असते, आणि शिपायांच्या खोलीत खिळ्यांना चाव्या टांगलेल्या लाकडी फळीवर तिसरी. या तिन्हींचा मेळ घालण्याचं काम खराडीतल्या एका संस्थेत चालू होतं. शाळा, कनिष्ठ महाविद्यालय आणि पदवी महाविद्यालय, सगळं एकाच आवारात. हे काम पाहायला मी तिथे जात राहिले. प्रत्येक खोलीची नोंद सॉफ्टवेअरमध्ये आणायची, एवढंच काम. पण हे ‘एवढंच’ किती लांबतं, ते पहिल्या मजल्यावर गेल्यावरच कळतं.

खराडी १९९७ साली पुणे महापालिकेत आली. त्याआधी ती नगर रस्त्यालगतची, मुळा-मुठेच्या काठची शेतीवाडी होती. पुढे झेन्सार आली, इऑन आयटी पार्क उभं राहिलं, वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे आले, आणि त्यांत काम करणाऱ्यांची मुलं शाळेत घालायची वेळ आली. इथल्या संस्था त्या वेगाने वाढल्या. आधी तळमजला आणि शाळा, मग वर मजला चढवून अकरावी-बारावी, मग शेजारी नवी इमारत आणि बीबीए, बीसीए. बांधकाम टप्प्याटप्प्याने झालं आणि कागदही तसेच साठत गेले. एका फाइलमध्ये क्षेत्रफळ ब्रासमध्ये, दुसरीत चौरस फुटांत, मंजूर नकाशावर चौरस मीटरमध्ये. एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट, हे जुन्या लिपिकांना पाठ आहे. नव्यांना ते विचारून घ्यावं लागतं.

मोजणी करणारे दोघं होते. स्थापत्यातला पदविकाधारक एक तरुण, आणि नोंदी टॅबमध्ये भरणारी कार्यालयातली ताई. त्यांच्यासोबत चाव्यांचा जुडगा घेतलेले शिपाईमामा. तरुणाच्या हातात टीव्हीच्या रिमोटएवढं लेसर मीटर. मागची बाजू एका भिंतीला टेकवायची, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडू द्यायचा, बटण दाबायचं. अंतर लगेच पडद्यावर येतं. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागत नाही. मात्र ठिपका मध्येच कपाटावर पडला तर माप कपाटापर्यंतचंच येतं. म्हणून तो प्रत्येक खोलीत आधी बाकांवरून नजर टाकायचा, मग हात उंचावून कपाटांच्या वरच्या रेषेत मोजायचा. लांबी दोन ठिकाणी, रुंदी दोन ठिकाणी. दोन्ही मापं जुळली नाहीत तर खोली काटकोनात नाही, मग कर्णही घ्यायचा.

क्षेत्रफळ मोजायचं कसं, यालाही नियम आहे. भारतीय मानक ३८६१, २००२ सालचं, जोते क्षेत्र आणि चटईक्षेत्र मोजण्याची पद्धत ठरवून देतं. त्यात भिंतींची जाडी चटईक्षेत्रात धरत नाहीत. व्हरांडा, जिना आणि स्वच्छतागृहंही वगळतात. खराडीत फ्लॅट घेतलेल्या प्रत्येकाला ‘कार्पेट’ माहीत असतं, पण ते रेराचं. २०१६ च्या त्या कायद्यात फ्लॅटच्या आतल्या पार्टिशनच्या भिंती चटईक्षेत्रात धरल्या जातात. पालक म्हणून आणि विश्वस्त म्हणून बैठकीला बसणारी माणसं एकाच आकड्याबद्दल वाद घालतात, त्याचं मूळ पुष्कळदा इथे असतं. म्हणून ताईंनी नोंदीच्या पहिल्याच रकान्यात मोजण्याची पद्धत लिहून ठेवली होती. मला ते फार महत्त्वाचं वाटलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका वर्गाचं पाहा. नकाशात तो साडेसात मीटर बाय नऊ मीटर, म्हणजे ६७.५ चौरस मीटर. तुलनेसाठी, अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या वर्गासाठी तंत्रशिक्षण परिषदेचा, म्हणजे एआयसीटीईचा, मापदंड ६६ चौरस मीटरचा. कागदावर वर्ग त्यात बसतो. लेसरने एक बाजू दाखवली साडेसात, दुसरी सात पूर्णांक एक. मागच्या बाजूला ॲल्युमिनियमचं पार्टिशन घालून एक चिंचोळी खोली काढलेली. आत दोन टेबलं, एक कपाट, जुन्या बॅनरची गुंडाळी.

‘‘मामा, हे पार्टिशन कधी घातलं?’’

‘‘नॅकवाले तपासणीला येणार होते ना, तेव्हा. मुलाखतीला वेगळी खोली पाहिजे म्हणाले. मग राहिलं ते तसंच.’’

उरलेला वर्ग ५३.२५ चौरस मीटर. पट साठचा. माणशी ०.८९. सीबीएसईचा नियम विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा मागतो. ही संस्था राज्य मंडळाची असल्याने तो तिला लागू नाही, पण साठ मुलं त्या खोलीत कशी बसत असतील हे समजायला नियमाची गरज नव्हती. शेवटच्या बाकाची पाठ पार्टिशनला घासून रंग उडाला होता. ताईंनी खोलीचे दोन तुकडे केले, दोघांना वेगळे क्रमांक दिले आणि शेऱ्यात लिहिलं: पार्टिशन काढता येण्याजोगं.

क्रमांक देणं हा या कामाचा कणा आहे. शाळेला यूडायसचा अकरा आकडी क्रमांक असतो. त्यातले पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढे जिल्हा, तालुका, गाव, शाळा. पण त्या शाळेतल्या खोल्यांना असा एकमेव क्रमांक नसतो. यूडायस प्लसमध्ये वर्गखोल्या किती, त्यांतल्या चांगल्या किती, किरकोळ आणि मोठ्या दुरुस्तीच्या किती, हे विचारतात. महाविद्यालयाला उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा, म्हणजे एआयएसएचईचा, अर्ज वेगळा, विद्यापीठाच्या स्थानिक चौकशी समितीचा तक्ता वेगळा. आणि २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए एआयसीटीईच्या कक्षेत आल्याने त्यांचं पोर्टल आणखी वेगळं. सगळीकडे ‘किती’ विचारलं जातं. ‘कोणती’ हे फारसं कुणी विचारत नाही. त्यामुळे एकच सभागृह शाळेच्या माहितीत, कनिष्ठच्या माहितीत आणि पदवीच्या माहितीत तीनदा उभं राहतं. यात लबाडी असतेच असं नाही. तीन विभागांचे तीन लिपिक तीन वेगळ्या महिन्यांत तीन अर्ज भरतात, आणि सभागृह खरोखरच तिघांचं असतं. खोलीला एकमेव क्रमांक मिळाला की हे आपोआप समोर येतं. सॉफ्टवेअर तोच क्रमांक दुसऱ्यांदा स्वीकारत नाही. सामाईक म्हणून नोंद करा, टक्के सांगा, असं विचारतं.

हे प्रश्न अमेरिकेतल्या विद्यापीठांनी साठच्या दशकाच्या अखेरीसच हाताळायला घेतले. तिथे खोल्यांच्या वर्गीकरणाची एक सरकारी पुस्तिका आहे, २००६ पर्यंत तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. त्यात वर्गाला ११०, प्रयोगशाळेला २१०, कार्यालयाला ३१० असे संकेतांक आहेत. पण मला तिच्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटली ती शून्याने सुरू होणारे आकडे. ०५० म्हणजे सध्या वापरात नसलेली खोली, ०६० म्हणजे फेरबदल चालू असलेली, ०७० म्हणजे बांधकाम अपुरं राहिलेली. बंद खोली बंद म्हणून लिहायला तिथे जागा आहे. आपल्या महाविद्यालयांच्या तक्त्यांत ती जागा नसते, म्हणून गळकी, कुलूपबंद खोलीसुद्धा ‘वर्ग’ या नावाखाली वर्षानुवर्षं मोजली जाते. या संस्थेने आपल्या यादीत ‘बंद’ हा रकाना घातला, कारणासह. ओल, तुटकी फरशी, चावी हरवलेली.

चावी हरवलेल्या खोलीपाशी मामाच उपयोगी पडले. दारावर पाटी नव्हती, नकाशात ती ‘भांडार’ होती, डेड स्टॉक रजिस्टरात तिचा उल्लेख नव्हता. मामांनी शेजारच्या खिडकीच्या तावदानातून आत दाखवलं. जुनी भौतिकशास्त्राची उपकरणं, काचेच्या पेट्या, लाकडी स्टुलं. ‘‘बारावीचं प्रॅक्टिकल आधी इथं व्हायचं, तो बेसिनचा पाइप फुटल्यापासून बंद आहे.’’ ही माहिती कुठल्याच फाइलमध्ये नव्हती. पन्नासेक खोल्यांच्या इमारतीत कोणतं दार ओढून लावावं लागतं, कोणत्या खोलीत उन्हाळ्यात दुपारी बसवत नाही, कोणत्या पंख्याखाली मुलं बसत नाहीत, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात असतं आणि तो निवृत्त झाला की संपतं. संस्थांनी सॉफ्टवेअरवर पैसे खर्च करण्याआधी या माणसांना शेजारी बसवून तासन्‌तास ऐकावं, असं मला तीव्रतेने वाटतं.

संगणकावरचं काम त्यामानाने सरळ. नकाशाची फाइल उघडून प्रत्येक खोलीभोवती एक बंद रेषा काढायची. रेषा केसभर जरी उघडी राहिली तरी प्रोग्राम क्षेत्रफळ देत नाही, म्हणून कोपरे मोठे करून तपासायचे. त्या बंद आकृतीला खोलीचा क्रमांक जोडायचा आणि क्रमांकाला बाकीचे रकाने: वापर, विभाग, आसनक्षमता, प्रोजेक्टर, पंखे, चावी कोणाकडे. मग पडद्यावर मजला रंगीत दिसतो. इथे पहिला खटका उडाला. वाणिज्य विभाग एका रंगात, संगणक विभाग दुसऱ्या रंगात, आणि कुणाकडे किती हिरवं, कुणाकडे किती निळं, हे सगळ्यांना एकाच वेळी दिसलं.

पण रंग पुरेसे नव्हते. खोली कुणाची आहे यापेक्षा ती कधी भरलेली असते हे कळायला हवं होतं. याचं गणित जगभर एकच वापरतात. समजा आठवड्यात चाळीस तासिका शक्य आहेत आणि खोली तीस तासिका वापरात आहे, म्हणजे पंचाहत्तर टक्के. साठ जागांवर सरासरी छत्तीस मुलं बसतात, म्हणजे साठ टक्के. दोन्हींचा गुणाकार पंचेचाळीस. खोली दिवसभर गजबजलेली वाटत असली तरी तिचा निम्म्याहून कमी उपयोग होतो आहे. वेळापत्रक या नोंदींना जोडल्यावर सकाळी नऊ ते बारा सगळं लाल आणि दुपारी दोननंतर मोठाले पांढरे चौकोन, असं चित्र आलं. ‘खोल्या कमी पडतात’ हे प्रत्येक बैठकीतलं वाक्य अर्धं खरं निघालं. कमी पडत होत्या त्या सकाळच्या खोल्या.

नव्या शैक्षणिक धोरणाने हे गणित आणखी अवघड केलं आहे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ते सुरू झालं. पूर्वी एका वर्षाची तुकडी एका खोलीत दिवसभर बसायची, शिक्षक बदलायचे. आता मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला पर्यायी, कौशल्याचा विषय, अशा निवडीप्रमाणे तीच तुकडी एका तासाला पाच ठिकाणी विखुरते. एका खोलीत ऐंशी, शेजारच्या खोलीत बारा. साठ-साठच्या एकसारख्या वर्गांच्या इमारती या अभ्यासक्रमाला कमी पडतात. बारा मुलांसाठी साठ जागांचा वर्ग अडवायचा नसेल, तर तेवढीच छोटी खोली कुठे आहे हे आधी माहीत हवं. ॲल्युमिनियमच्या पार्टिशनमागची ती चिंचोळी खोलीसुद्धा अशा वेळी कामाला येऊ शकते. अर्थात पुढच्या वर्गातली साठ मुलं आधी दुसरीकडे नीट बसवली तरच.

एका रकान्यासाठी मात्र मी या सगळ्या उद्योगाला मनापासून दाद देईन. ‘चाकाच्या खुर्चीने पोहोचता येतं का?’ उत्तर हो किंवा नाही, आणि ‘हो’ असल्यास उंबरठा किती उंच. तरुणाने प्रत्येक दाराची रुंदी आणि प्रत्येक उंबरठा मोजला. नव्या इमारतीला लिफ्ट आहे, पण तिच्यापर्यंत जायला दोन पायऱ्या. म्हणजे लिफ्ट असूनही वरचे चारही मजले ‘नाही’. पोर्टलवर लिफ्ट आहे का या प्रश्नाला ‘हो’ असंच उत्तर जात होतं आणि ते खोटंही नव्हतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ पासून आहे. तो पाळण्याची सुरुवात मला या दोन पायऱ्यांच्या नोंदीत दिसली. नोंद झाली, खर्चाचा अंदाज निघाला, आणि तोवर बीकॉमच्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याचे सगळे तास तळमजल्यावर लावायचे असं ठरलं. वेळापत्रकात त्याच्यासाठी सत्तर जणांचा वर्ग खाली आला. याआधी त्याचे मित्र त्याला उचलून वर नेत असत.

‘वापर’ हा रकाना साधा वाटतो, पण त्याची किंमत दिल्लीत दिसली. २७ जुलै २०२४ रोजी जुन्या राजिंदर नगरमधल्या एका शिकवणीच्या तळघरात पावसाचं पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. त्या तळघराला परवानगी होती ती पार्किंग आणि साठवणीची. तिथे वाचनालय चालत होतं. खराडीतल्या या आवारातही तळघर आहे, आणि मोजणी तिथे पोहोचली तेव्हा पार्किंगच्या एका कोपऱ्यात कॅरम, दोन टेबल टेनिसची टेबलं आणि खो-खोच्या मुलींच्या बॅगा होत्या. नकाशात ‘पार्किंग’. ताई क्षणभर थांबल्या. ‘‘काय लिहू? पार्किंग की क्रीडा कक्ष?’’ तरुण म्हणाला, ‘‘दोन्ही लिहा. मंजूर वापर वेगळा, प्रत्यक्ष वापर वेगळा.’’ सॉफ्टवेअरमध्ये असे दोन रकाने नव्हते, ते करून घेतले. आता जिथे हे दोन रकाने जुळत नाहीत त्या खोल्यांची वेगळी यादी प्राचार्यांसमोर जाते. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याआधी ती यादी तपासायची असं ठरलं आहे. टेबल टेनिस वर हलवलं गेलं, बंद प्रयोगशाळेत, तिचा पाइप दुरुस्त करून.

आता प्रश्न आहे तो या नोंदी जिवंत ठेवण्याचा. निवडणूक आली की तळमजल्याचे वर्ग मतदान केंद्रासाठी जातात, परीक्षा आली की वर्गांचे पंचवीस-पंचवीसचे ब्लॉक होतात, कुणी तरी सुट्टीत पुन्हा एखादं पार्टिशन घालतं. वर्षातून एकदा मोजणाऱ्याला बोलावून हे जमणार नाही. संस्थेतल्या चर्चेत बदल नोंदवण्याचा अधिकार विभागप्रमुखांना द्यावा असं बहुतेकांचं मत होतं. मला विचारलं म्हणून मी सांगितलं: तो मामांनाही द्यावा. खोली उघडते तेव्हा आणि बंद होते तेव्हा ते तिथे असतात, आणि कोणत्याही विभागाशी त्यांची खोली बांधलेली नाही. ताईंनी त्यांच्या मोबाईलवर ॲप घालून दिलं, मराठीत. दारावरचा चौकोनी कोड स्कॅन करायचा आणि तीन बटणांपैकी एक दाबायचं: चालू, बंद, दुरुस्ती. चाव्यांच्या फळीवरच्या जुन्या चिठ्ठ्या काढून तिथे नवे क्रमांक लावायचं काम मामांनी स्वतःकडे घेतलं. ‘जुनी लायब्ररी’ची चिठ्ठी तेवढी त्यांनी नव्या क्रमांकाखाली राहू दिली, कारण निम्मे शिक्षक अजून तिला त्याच नावाने मागतात.