तळें पुन्हां निर्मळ कसें होतें?

भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील मालगुजारी तळीं भातशेतीस पाणी व ढिवरांस मासळी देत आलीं आहेत. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली, आणि कित्येक तळ्यांची देखभालही सुटली.

तळ्यांत सांडपाणी व शेण शिरूं लागलें कीं शेवाळ माजतें. तें कुजतांना पाण्यांतील प्राणवायु सरतो व मासे मरतात. म्हणून प्रथम सांडपाणी घरोघरच्या शोषखड्ड्यांत मुरवावें. नाहींतर गाळ उपसण्याचे श्रम व्यर्थ होत. मग उन्हाळ्यांत गाळ काढून, तपासून शेतांत घालावा; बेशरमाचीं झुडपें समूळ उपटावीं व देशी पाणवनस्पति लावाव्या.

गाळ उपसण्यास एखादा उन्हाळा पुरेल. पण घाण येऊं न देण्याचें काम रोजचें आहे, आणि तें लहानथोर सर्वांनीं वांटून घ्यावें, असें आम्हांस वाटतें.