वैमानिकाचा कान आणि हरवलेले क्षितिज

१६ जुलै १९९९ रोजी रात्री ८ वाजून ३८ मिनिटांनी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या एका लहान विमानतळावरून एका इंजिनाचे खासगी विमान उडाले. वैमानिक होते जॉन केनेडी (धाकटे), अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉन केनेडी यांचे चिरंजीव. सोबत त्यांची पत्नी आणि मेहुणी होती. मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या बेटावर उतरायचे होते. तासाभराने, बेट जवळ आलेले असताना, विमान उजवीकडे वळत खाली येऊ लागले. वळण घट्ट होत गेले, खाली येण्याचा वेग वाढत गेला. रडारवरच्या अखेरच्या नोंदींनुसार विमान मिनिटाला ४,७०० फुटांहून अधिक, म्हणजे सेकंदाला सुमारे २४ मीटर या वेगाने समुद्राकडे झेपावत होते. तिघांपैकी कोणीही वाचले नाही.

तपासात इंजिनात बिघाड आढळला नाही. वादळ नव्हते. होती ती फक्त धुरकट हवा, रात्र आणि खाली काळे पाणी. आकाश कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो ते कळत नव्हते, असे त्याच रात्री त्या भागातून उडालेल्या काही वैमानिकांनी सांगितले. तपासयंत्रणेने निष्कर्ष काढला तो असा, की स्थितिभ्रमामुळे वैमानिकाचा विमानावरील ताबा सुटला. स्थितिभ्रम म्हणजे आपण हवेत सरळ आहोत की कललेले, वळतो आहोत की नाही, याविषयी होणारी फसगत.

लहान खासगी विमानांच्या अपघातांची कारणे अनेक आहेत. इंधन संपते, दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचून इंजिन बंद पडते (बाहेर २० अंश सेल्सिअस तापमान असतानाही हे घडते), उतरण्यापूर्वीच्या वळणात वेग फार कमी झाल्याने पंखांची उचल एकाएकी नाहीशी होते. अमेरिकेतील नोंदी पाहिल्या तर अशा विमानांच्या सुमारे तीन-चतुर्थांश अपघातांसमोर ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा आढळतो. मला हा शेरा अपुरा वाटतो. पावसात घसरून पडलेल्या माणसाबद्दल ‘चालणाऱ्याची चूक’ म्हणावे, तसा तो आहे. क्षितिज दिसेनासे झाल्यावर होणाऱ्या अपघातांत तर चूक कुठे होते हे शरीरशास्त्र आणि अकरावीचे भौतिकशास्त्र मिळून नेमके सांगू शकतात.

सुरुवात कानापासून करू. आपल्या प्रत्येक अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकृती नलिका असतात, एकमेकींशी जवळजवळ काटकोनात. त्यांत द्रव भरलेला असतो. डोके फिरले की नलिका फिरते, पण जडत्वामुळे द्रव मागे राहतो. नलिकेत एका ठिकाणी जेलीसारखा एक पडदा असतो. मागे राहिलेला द्रव त्याला वाकवतो, पडद्यातील सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला संदेश जातो की आपण फिरत आहोत.

हे वर्गात दाखवायला एक पसरट वाटी पुरते. वाटीत पाणी घ्या, चिमूटभर चहाची पूड टाका आणि पाणी स्थिर झाल्यावर वाटी जागच्या जागी गोल फिरवा. वाटी फिरते, पूड जागीच राहते. फिरवत राहा. थोड्या वेळाने पाणी आणि पूड वाटीच्याच वेगाने फिरू लागतात. आता वाटी एकदम थांबवा. पूड फिरतच राहते. कानातही असेच होते. एकसारख्या वेगाने फिरणे चालू राहिले तर साधारण १० ते २० सेकंदांत द्रव नलिकेला गाठतो, पडदा सरळ होतो आणि ‘आपण फिरत आहोत’ हा संदेश बंद पडतो. फिरणे मात्र चालूच असते! आणि थांबलो की द्रव पुढे जात राहतो, पडदा उलट बाजूला वाकतो आणि आपण उलट दिशेने फिरत असल्याचा खात्रीशीर संदेश मिळतो. फुगडी थांबल्यावर भिंती फिरताना दिसतात, त्या याच कारणाने.

म्हणजे ही नलिका वेग मोजत नाही, वेगातला बदल मोजते. तोही पुरेसा मोठा असला तरच. अगदी सावकाश झालेला बदल तिला जाणवतच नाही.

‘पण विमान एका बाजूला कलले तर शरीर त्या बाजूला ओढले जाईल, ते कळेलच की!’ असे कोणी विद्यार्थी म्हणेल. हा प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर आश्चर्यकारक आहे: कळत नाही. उभ्या बसमध्ये आपण तिरके झालो तर कळते, कारण तिथे गुरुत्वाकर्षण एकटेच असते. नीट घेतलेल्या वळणात विमान असे कलते की गुरुत्वाकर्षण आणि वळणामुळे जाणवणारा बाहेरचा ओढा यांची बेरीज नेमकी आसनाच्या दिशेने, विमानाच्या तळाकडे येते. मांडीवरच्या पेल्यातले पाणी पेल्याच्या काठाशी समांतर राहते. कानात गुरुत्वाची दिशा ओळखणारे चुनखडीचे बारीक कण असतात. पण गुरुत्वाकर्षण कोणते आणि त्वरणामुळे आलेला ओढा कोणता, हे त्यांना वेगळे करता येत नाही. (ते कोणत्याच उपकरणाला एका जागी बसून वेगळे करता येत नाही, हे आइन्स्टाइनचे म्हणणे इथे असे कामाला येते.)

आकडे घालून पाहू. विमानाचा वेग ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर. कल १५ अंश. वळणाची त्रिज्या = वेगाचा वर्ग ÷ (गुरुत्वत्वरण × कलाच्या कोनाचा टॅन्जंट). उत्तर सुमारे ९५० मीटर येते. पूर्ण फेरीला दोन मिनिटे लागतात, म्हणजे विमान सेकंदाला फक्त ३ अंश वळते. आसनावरचा भार किती वाढतो? एक भागिले १५ अंशांचा कोसाइन, म्हणजे सुमारे साडेतीन टक्के. साठ किलोच्या माणसाला आपण बासष्ट किलोचे झालो हे कसे जाणवणार?

एरवी याने काही बिघडत नाही, कारण डोळे खिडकीतून क्षितिज पाहत असतात आणि कानाची चूक क्षणोक्षणी सुधारत असतात. ढग, धुके किंवा काळोख आला की ही दुरुस्ती थांबते.

मग पुढील घटना क्रमाने घडतात. विमान नकळत कलते. कललेल्या पंखांची उचल तिरकी झाल्याने वजन पेलायला ती कमी पडते आणि नाक खाली झुकते. वेग वाढतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा पंख आतल्यापेक्षा थोडा जलद जात असल्याने त्यावरची उचल जास्त, म्हणून कल वाढत जातो. वैमानिकाला वाऱ्याचा वाढता आवाज ऐकू येतो, उंची घटताना दिसते, पण कान सांगत असतो की पंख सरळ आहेत. पंख सरळ असताना उंची घटत असेल तर नाक वर घ्यायला हवे, म्हणून तो नियंत्रण-दांडा मागे ओढतो. इथे त्याचा तर्क चुकलेला नाही. चुकले आहे ते गृहीतक. समजा कल ६० अंशांचा आहे. ओढल्यामुळे उचल १०० एककांनी वाढली, तर त्यातली फक्त ५० वर जातात आणि ८७ आडवी, वळणाच्या केंद्राकडे. उंची सावरण्याऐवजी वळण आणखी घट्ट होते. या फेऱ्याला वैमानिकांनी ‘ग्रेव्हयार्ड स्पायरल’, म्हणजे स्मशानाकडे नेणारे वेटोळे, असे नाव दिले आहे.

याहून वाईट म्हणजे, त्याने पंख खरोखर सरळ केले, तर नलिकेतला द्रव पुढे सरकतो आणि आता आपण विरुद्ध बाजूला कललो असे त्याला वाटते. शरीराचे ऐकून तो पुन्हा पहिल्या वळणात शिरतो. धैर्य किंवा अनुभव यांनी हा भ्रम नाहीसा होत नाही. तो प्रत्येकाला होतो.

ही गोष्ट मान्य करायला वैमानिकांना बराच वेळ लागला. जुने वैमानिक ‘आसनाला जाणवते’ त्यावर भिस्त ठेवून उडत. १९२६ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या क्रिसी फील्ड येथे विल्यम ऑकर नावाच्या अनुभवी सैनिकी वैमानिकाला डॉ. डेव्हिड मायर्स यांनी डोळे मिटून फिरत्या खुर्चीत बसवले. कानावरील संशोधनासाठी १९१४ चे नोबेल मिळवणाऱ्या रॉबर्ट बारानी यांच्या नावाने ओळखली जाणारी ही खुर्ची. आपण कुठल्या बाजूला फिरतो आहोत ते ऑकरला बरोबर सांगता येईना. त्यावर त्याने वळण दाखवणारे जायरोस्कोपचे उपकरण एका पेटीत बसवून पुन्हा परीक्षा दिली, आणि उत्तरे बरोबर आली. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल यांनी बाहेरचे काहीही न पाहता, केवळ उपकरणांवरून उड्डाण करून विमान उतरवून दाखवले. आज ‘कृत्रिम क्षितिज’ दाखवणारे उपकरण लहान विमानांतही सर्रास असते. केनेडी यांच्याही विमानात ते होते. पण ते वाचत राहणे आणि शरीर ओरडून सांगत असताना त्यावर विश्वास ठेवणे, हे वेगळे शिकावे लागते. केनेडी यांचे ते प्रशिक्षण चालू होते, पुरे झाले नव्हते.

वर्गात फिरत्या खुर्चीचा प्रयोग जरूर करा. विद्यार्थ्याचे डोळे बांधा, फिरण्याची दिशा अंगठ्याने दाखवायला सांगा आणि चार-पाच सेकंदांत एक फेरी अशा संथ, एकसारख्या वेगाने खुर्ची फिरवा. वर्गाने चिडीचूप राहायला हवे. आवाजाची दिशा कळली तर प्रयोग फसतो. अर्ध्या मिनिटात अंगठा डगमगू लागतो. खुर्ची हळूच थांबवली की तो ठामपणे उलट दिशा दाखवतो, आणि वर्ग हसतो. चक्कर येण्याचा त्रास असलेल्या मुलांना बसवू नका, आणि उतरताना दोघांनी आधार द्या.

असाच एक प्रयोग १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात खऱ्या विमानात झाला. उपकरणांवरून उडण्याचा अनुभव नसलेल्या २० जणांना, शेजारी तज्ज्ञ वैमानिक बसवून, बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिले. वीसही जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. त्यानंतर त्यांना ढगातून मागे फिरण्याची एक साधी रीत शिकवण्यात आली. तिच्यातली पहिली सूचना होती, नियंत्रण-दांड्यावरचे हात काढा. नीट जुळवून ठेवलेले विमान एकटे सोडले तर गोंधळलेल्या माणसाच्या हातांपेक्षा बरेच स्थिर उडते. मग पायाने सुकाणू हलकेच दाबून, उपकरणाकडे पाहत, विमान सावकाश उलट फिरवायचे. पहिल्या खेपेला सरासरी तीन मिनिटेही न टिकलेल्या याच लोकांनी या रीतीने जवळजवळ प्रत्येक वेळी विमान सुखरूप मागे वळवले.